क्लच घसरतोय का चिकटतोय, आधी ते बघा!

नवरात्र झाली की माझ्याकडे क्लचचे प्रश्न येतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. नऊ रात्री गरब्याच्या ग्राउंडवरून घरी यायला पाच किलोमीटरला तास-दीड तास, पहिला गिअर, हाफ क्लच, ब्रेक, परत पहिला, परत हाफ क्लच, आणि वर दिवाळीच्या खरेदीला गाडी मांडवीत घातली की झालंच, उरलीसुरली प्लेट तिथे जळते. म्हणून ह्या वेळचा अख्खा कॉलम क्लचला दिलाय. एसीवाले आणि मायलेजवाले, रागावू नका, तुमचे प्रश्न जपून ठेवलेत.

पत्रांकडे वळायच्या आधी एवढं डोक्यात ठेवा की क्लच दोन अगदी उलट्या प्रकारांनी बिघडतो. एक तर तो घसरतो, म्हणजे पेडल पूर्ण सोडलंय तरी प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जाड चकतीला, घट्ट धरत नाही, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. नाहीतर तो चिकटतो, म्हणजे पेडल पूर्ण दाबलंय तरी प्लेट सुटत नाही, मग गिअर पडत नाही आणि रिव्हर्सला खर्र आवाज येतो. आपण दोन्हीला "क्लच गेला" म्हणतो आणि बरेच मेकॅनिक दोन्हीला एकच औषध देतात, किट बदला. पहिल्या आजारात ते बरेचदा बरोबर असतं. दुसऱ्यात बरेचदा नसतं.

प्रश्न : काका, माझी पेट्रोलची छोटी हॅचबॅक आहे, 68 हजार किलोमीटर झालेत. अटल ब्रिजवर चढताना चौथ्या गिअरला पाय दाबला की इंजिनचा आवाज एकदम वाढतो पण गाडी तशीच रांगते, आणि परवा तर जळका वासही आला. पेडल आता खूप वर आल्यावर गाडी सुटते. मेकॅनिक म्हणतो पूर्ण किट टाका, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरंच गरज आहे का का फसवतोय? — एक ताई, कारेलीबाग

ताई, तुमचं वर्णन इतकं स्वच्छ आहे की अर्धं निदान तुम्हीच केलंय. हे घसरणं आहे. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत साडेतीन किलोमीटरचा तो पूल, त्याचा चढ काही घाटासारखा नाही, पण आपलं बडोदं पडलं सपाट, त्यामुळे गाडीची परीक्षा घ्यायला आपल्याकडे पूलच आहेत. क्लच घसरायला लागला की तो आधी वरच्या गिअरमध्ये आणि चढावर घसरतो, कारण तिथे इंजिनचा सगळा जोर प्लेटवर येतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गल्लीत फिरताना कळतही नाही.

खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागी, समोर कोणी नाही बघून, हँडब्रेक कचकून ओढा, इंजिन चालू, तिसरा गिअर टाका आणि अगदी थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू पूर्ण सोडा. क्लच ठणठणीत असेल तर इंजिन धाप्पकन बंद पडेल. पेडल पूर्ण सुटलं तरी इंजिन आरामात घुरघुरत राहिलं तर प्लेट घसरतेय. हा प्रयोग एकदाच, शेजाऱ्यांना दाखवायला परत परत करू नका, प्रत्येक वेळी प्लेट तापते.

आता किटच्या आधी एक फुकटची गोष्ट. तुमच्या गाडीला क्लच वायर आहे का हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, ते मेकॅनिकला विचारा. वायर असेल तर पेडल हाताने दाबून बघा, सुरुवातीला थोडं पेडल नुसतं सैल, बिनजोराचं खाली जायला हवं, ह्यालाच फ्री प्ले म्हणतात. किती हवा ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. प्लेट झिजत गेली की हा फ्री प्ले कमी कमी होतो, आणि शून्य झाला की मग पेडल सोडलं तरी वायर क्लचला थोडं दाबूनच ठेवते. म्हणजे तुम्ही पाय काढलात पण वायरने काढला नाही. अशा वेळी नट फिरवून ॲडजस्ट केलं की कधी कधी घसरणं तिथेच थांबतं, दहा मिनिटांचं काम. पण ॲडजस्ट करूनही घसरत असेल, आणि तुम्ही म्हणताय वासही येतोय, तर मग प्लेट संपलीय, आणि मेकॅनिक फसवत नाहीये.

किट टाकाच, पण प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदम. नुसती प्लेट बदलून पैसे वाचवू म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवायची आहे, आणि जुनं बेअरिंग सहा महिन्यांनी ओरडायला लागलं की तीच मजुरी परत. जुने पार्ट घरी मागून घ्या आणि प्लेट उलटून बघा. लायनिंग झिजून रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आली असेल तर ती म्हातारी होऊन गेली, समाधान माना. पण लायनिंग जाड आहे आणि तेलकट काळी आहे, तर मग क्रँकची मागची ऑइल सील किंवा गिअरबॉक्सची सील गळतेय, ती न बदलता नवी प्लेट टाकली तर तिची पण तीच गत. सील स्वस्त असते, गिअरबॉक्स खाली असतानाच बदलून घ्या. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर ते पण त्याच वेळी बघायला सांगा. आणि आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवत असतील तर तुम्ही लांब उभ्या राहा. जुन्या प्लेट्समध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आता बहुतेक नसलं तरी ती धूळ छातीत घ्यायची वस्तू नाही.

नव्या किटनंतर पहिले चार-पाचशे किलोमीटर जरा सांभाळून, ओढाताण नको. आणि एक विचारू का? डावा पाय कुठे असतो तुमचा? गिअर टाकून झाल्यावर पण पेडलवरच असेल तर ही प्लेट त्या पायाने खाल्लीय. पाय बाजूला, जमिनीवर.

प्रश्न : सकाळी गाडी आमच्या पोळीतून, म्हणजे गल्लीतून, बाहेर काढताना रिव्हर्स टाकला की मोठा खरखर आवाज येतो, शेजारी जागे होतात. पेडल दोन-तीन वेळा पटापट दाबलं की मग गिअर पडतो. एकाने गिअरबॉक्स खराब म्हणून सांगितलं, दुसऱ्याने क्लच प्लेट. गाडी 7 वर्षांची आहे, रनिंग फक्त 31 हजार. वय 74, आता मोठा खर्च नको वाटतो. — दांडिया बाजारातून एक वाचक

आजोबा, नमस्कार. खर्च बहुतेक होणार नाही, काळजी करू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, दोन-तीन वेळा पटापट दाबलं की गिअर पडतो. हा दुसरा आजार, चिकटणं, आणि पंप केल्यावर सुधारतो म्हणजे दोष प्लेटमध्ये नाही, तेलाच्या लाइनमध्ये आहे. तुमच्या गाडीला हायड्रॉलिक क्लच असणार. पेडलपाशी एक छोटा सिलिंडर असतो तो मास्टर, गिअरबॉक्सपाशी दुसरा असतो तो स्लेव्ह, मधल्या नळीत ब्रेकचंच तेल. त्यात हवा शिरली की पेडलचा अर्धा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

गिअरबॉक्सचा संशय असा काढून टाका : इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत सगळे लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत कुठलाच नीट पडत नाही, तर गिअरबॉक्स बिचारा निर्दोष. उलट चालू गाडीत फक्त एकच, समजा फक्त दुसराच गिअर खरखरतो आणि बाकी ठीक, तर मात्र क्लचला दोष देऊ नका, तो त्या गिअरचा सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारा भाग आहे. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रोनायझर नसतोच, म्हणून चिकटणाऱ्या क्लचची पहिली तक्रार रिव्हर्सच करतो.

आता बॉनेट उघडून तेलाची बाटली बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची बाटली एकच असते आणि क्लचची नळी थोडी वरच्या बाजूला काढलेली असते, का तर तेल कमी झालं तर आधी क्लच बंद पडावा, ब्रेक नाही. म्हणजे क्लचने दिलेला इशारा हा ब्रेकचा पण इशारा असू शकतो, हे हलक्यात घेऊ नका. पायाखालची मॅट उचलून पेडलच्या वरच्या बाजूला हात लावून बघा, ओलं लागलं तर मास्टर गळतोय. खाली गिअरबॉक्सपाशी ओलं असेल तर स्लेव्ह. कुठेच ओलं नाही आणि तेल चहासारखं काळपट झालंय तर नुसतं तेल बदलून एअर काढली तरी काम होऊन जाईल. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी बदलायचंच असतं, तुमचं 7 वर्षांत एकदाही बदललं नसेल असं मला खात्रीने वाटतंय. झाकणावर डॉट 3 का डॉट 4 लिहिलेलं असतं, तेच घ्या. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल चुकूनही नको, रबरी सील फुगून सगळंच बाद होतं. आणि सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, गाडीचा रंग खातं.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगला जोडूनच असतो. तो गळत असला तर मग गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही, पण ते सगळ्यात शेवटी.

आणि हो, हसू नका, पण आधी मॅट बघा. एकदा आमच्याच गॅरेजात असाच चिकटणारा क्लच आला होता, मी आणि पोराने मिळून मकरपुऱ्याच्या उन्हात गिअरबॉक्स उतरवला, आतली प्लेट नवीन कोरी! मग कळलं की गिऱ्हाइकाने घरच्या गालिच्याचा जाड तुकडा पायाखाली घातला होता आणि पेडल शेवटच्या इंचापर्यंत जातच नव्हतं. मजुरी मागायला तोंड नव्हतं. तेव्हापासून मी पहिली मॅट उचलतो.

प्रश्न : ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरात आमच्या समाच्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडी सीटपर्यंत बुडाली. इन्शुरन्सचं होईपर्यंत अडीच महिने उभीच होती. इंजिनचं काम झालं, चालू पण होते, पण आता क्लच दाबून गिअर टाकायला गेलं तर पडतच नाही, आणि गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारला तर क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे उडी मारते. पेडल मात्र नेहमीसारखंच लागतंय.

त्या आठवड्याच्या गाड्या अजून येतायत. नदीची धोक्याची खूण 26 फुटांची, पाणी तिच्या किती वर गेलं ते तुम्ही घरातूनच बघितलं असेल.

तुमची प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलीय, अक्षरशः. लोखंडी फ्लायव्हील आणि लोखंडी प्रेशर प्लेट, मधे ओली लायनिंग, आणि वरून स्प्रिंगचा दाब, अडीच महिने. पेडल नेहमीसारखं लागतं कारण पेडल आपलं काम करतंय, प्रेशर प्लेट मागे सरकतेय, पण क्लच प्लेट जागची हलत नाही.

जुने ड्रायव्हर ह्यावर एक युक्ती करतात : इंजिन न्यूट्रलमध्ये गरम करायचं, बंद करायचं, मोकळ्या मैदानात दुसरा गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, गाडी चालायला लागली की क्लच दाबूनच ठेवून ॲक्सिलरेटर आणि ब्रेकचे आलटून पालटून झटके द्यायचे, की प्लेट टक्कन सुटते. पावसाळ्यात महिनाभर नुसती उभी राहिलेली गाडी असती तर मीही हेच सांगितलं असतं. पण तुमच्या गाडीत नुसतं पाणी नाही, गाळ गेलाय. प्लेट सुटली तरी आत चिखल सुकलेला असणार, ज्या दांड्यावर प्लेट सरकते त्याच्या खाचांना गंज असणार, रिलीज बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलेलं असणार, आणि महिन्याभरात तुम्ही परत मला पत्र लिहाल. दर वेळी मी गिअरबॉक्स उतरवू नका म्हणून भांडतो, तुम्हाला मात्र सांगतो, उतरवा. साफसफाई, नवी प्लेट, नवं बेअरिंग, आणि गिअर ऑइल काढून बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, तसंच चालवलं तर पुढचं बिल गिअरबॉक्सचं. इन्शुरन्सचा क्लेम अजून पूर्ण बंद झाला नसेल तर हे काम त्यात बसतं का, ते उघडायच्या आधी सर्व्हेअरला लेखी विचारा आणि फोटो काढून ठेवा.

प्रश्न : क्लच दाबला की सूंऽऽ असा आवाज येतो, सोडला की बंद. काय असेल?

रिलीज बेअरिंग. उलटं असतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्समधलं इनपुट शाफ्टचं बेअरिंग. मानेजाला बेअरिंगचा एवढा मोठा कारखाना असलेल्या गावात एवढं तरी यायला हवं की नाही! लगेच गाडी उभी करायची गरज नाही, पण आवाज वाढत गेला तर टाळाटाळ नको, बेअरिंग मोडून पडलं तर प्रेशर प्लेटच्या पाकळ्या पण घेऊन जातं.

प्रश्न : अंकल, मी एमएस युनिव्हर्सिटीत शिकते, नुकतंच लायसन्स मिळालंय. क्लासवाल्या सरांनी शिकवलं की चढावर थांबलं तर हाफ क्लचवर गाडी बॅलन्स करून धरायची. मैत्रिणींबरोबर पावागडला गेलो तर माचीच्या चढावर लाइनीत थांबून थांबून इतका वास आला की आम्ही घाबरून उतरलोच. गाडी बाबांची आहे, त्यांना सांगितलेलं नाही.

बाबांना सांग बेटा, ते वासावरून ओळखतीलच. एकदा वास आला म्हणजे प्लेट गेली असं नाही, अर्धा तास थंड होऊ दिली असती तरी पुरलं असतं. आता वरच्या ताईंना सांगितलेली हँडब्रेकची टेस्ट बाबांसमोर एकदा कर, इंजिन बंद पडलं तर सुटलीस.

क्लासवाल्या सरांचं म्हणशील तर हाफ क्लचवर गाडी उभी धरता येणं हे कसब खरं, पण ते दोन सेकंदांसाठी. तेवढा वेळ एक लोखंडी चकती फिरतेय आणि दुसरी तिच्यावर घासत उभी आहे, ती उष्णता जाणार कुठे? चढावर थांबलीस की न्यूट्रल, हँडब्रेक, दोन्ही पाय मोकळे. निघायचं तेव्हा पहिला गिअर, क्लच हळूहळू सोड, एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं, तिथे पाय थांबव, थोडा ॲक्सिलरेटर दे, आणि मग हँडब्रेक सोड. गाडी मागे एक इंचही जाणार नाही. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पुलाच्या चढावर वीस वेळा केलंस की हात बसेल.

प्रश्न : माझ्या डिझेल एसयूव्हीला क्लच किटचा अंदाज घेतला तर मेकॅनिकने किटपेक्षा जास्त पैसे नुसत्या फ्लायव्हीलचे लावलेत. मित्राच्या गाडीचं फ्लायव्हील तर लेथवर फेसिंग करून चाललं होतं. हा लुटतोय ना? — वाघोडिया रोड

भाऊ, लगेच नाही म्हणवत. मित्राचं फ्लायव्हील एकाच जाड लोखंडाचं असणार, ते लेथवर घासता येतं. बऱ्याच डिझेल गाड्यांत मात्र ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा, डिझेल इंजिनचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून. ते महाग असतं आणि त्याला लेथवर लावायचं नसतं. कोणी "करून देतो" म्हणालं तर गाडी तिथून काढा.

पण प्रत्येक किटबरोबर ते बदलायलाच पाहिजे असंही नाही. गाडी बंद करताना किंवा आयडलला खडखड होते का? क्लच सोडताना गाडी थरथरते का? गिअरबॉक्स उतरला की स्वतः जाऊन उभे राहा, मागची चकती हाताने डावी-उजवीकडे फिरवून आणि हलवून बघायला सांगा, किती खेळ चालतो ते कंपनीने ठरवून दिलेलं असतं, मेकॅनिकला आकडा विचारा. आकडा सांगून मोजून दाखवला तर पैसे द्या. "भाई, बदली नाखो ने" (बदलून टाका ना) एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे दाखवा. आणि थरथरच असेल तर आधी इंजिनचं माउंटिंग तपासा, फाटलेल्या माउंटिंगची थरथर क्लचच्या नावावर खपते.

प्रश्न : पादरा रोडवर भर दुपारी क्लच वायर तुटली. पेडल फटकन खाली. टोइंगवाल्याची दोन तास वाट बघितली. अशा वेळी गाडी चालवता येते का?

कडेला घ्यायला किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला येते, गर्दीत नाही. गाडी बंद असताना पहिला गिअर टाका, समोर मोकळं आहे बघा, हँडब्रेक काढा आणि स्टार्टर मारा, स्टार्टरच गाडीला ढकलत नेईल आणि इंजिन चालू होईल. नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत, पण ते बटण पेडलपाशी असतं, वायर तुटली तरी पेडल दाबून धरलं की चालतं. दुसरा टाकायचा तर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, गिअर न्यूट्रलला ओढा, आवाज थोडा खाली येऊ द्या आणि दोन बोटांनी अलगद दुसऱ्याकडे दाबून धरा, जोर करू नका, वेग जुळला की तो आपणहून आत जातो. नाहीच जमलं तर पहिल्यातच रांगत जा. थांबायच्या आधी न्यूट्रल, नाहीतर हिसका देऊन बंद पडेल.

वायर एकदम तुटत नाही हो, आधी पेडल जड होतं, मग दाबताना करकर करते, आतले तार एकेक करून तुटत असतात. नवी घ्यायला जाल तेव्हा तुटलेली जुनी बरोबर न्या, एकाच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांना पण लांबी वेगळी निघते.